पाच हजार यीस्ट, एक सूक्ष्मदर्शक: पेरॉक्सिझोमसाठी जनुकीय स्क्रीन कसा करावा

पेट्री डिशवरची कॉलनी आपल्याला एकच गोष्ट सांगते, ती वाढली की नाही. या एका उत्तरावर यीस्टच्या जनुकशास्त्राने प्रचंड मजल मारली. पेरॉक्सिझोम हे पेशीतलं छोटं अंगक मेदाम्लं जाळतं. ते नसेल तर यीस्ट ओलिक आम्लावर जगू शकत नाही. जर्मनीत बोखुमच्या गटाने १९८९ मध्ये याच कसोटीवर पेरॉक्सिझोम नसलेले म्यूटंट, म्हणजे जनुक बिघडलेले यीस्ट, वेगळे काढले. पण पेरॉक्सिझोम आहेत, काम करताहेत, आणि पेशी विभागताना सगळेच्या सगळे कळीत निघून जाताहेत, असं असेल तर? मातृपेशी रिकामी राहते आणि कॉलनीकडे बघून त्याचा पत्ता लागत नाही. आयएनपी१ जनुक काढून टाकलं की नेमकं हेच होतं. आयएनपी२ काढलं तर उलटं, पेरॉक्सिझोम आईकडेच राहतात. हे दिसायला पेशीच्या आत बघावं लागतं, आणि सहा हजारांच्या आसपास जनुकं असलेल्या जिवात ते एकेक करून बघायचं तर यंत्राची मदत लागते.

जिवातली जनुकं एकेक करून काढून टाकायची आणि कशाने काय बिघडतं ते शोधायचं, याला जनुकीय स्क्रीन म्हणतात. हा लेख अशा स्क्रीनची कृती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांगतो. उदाहरण पेरॉक्सिझोमचं घेतलं आहे, कारण इथली बरीच उत्तरं आधीच माहीत आहेत आणि शिकणाऱ्याला आपलं काम ताडून बघता येतं. शिवाय पेरॉक्सिझोम घडवणाऱ्या पेक्स जनुकांची माणसातली भावंडं बिघडली की झेलवेगर सिंड्रोमसारखे गंभीर आजार होतात, त्यामुळे यीस्टमध्ये मिळालेलं उत्तर यीस्टपुरतं राहत नाही.

आधी खूण निवडा

मायक्रोस्कोपचं वेळापत्रक मिळवण्याची घाई करू नका. स्क्रीन चांगला होणार की वाया जाणार, हे बहुतांशी चमकणाऱ्या खुणेवर ठरतं.

पेरॉक्सिझोममध्ये जाणाऱ्या बऱ्याच प्रथिनांच्या शेपटीला सेरीन, लायसिन आणि ल्युसिन ही तीन अमिनो आम्लं असतात. पेक्स५ हे प्रथिन ही शेपटी ओळखतं आणि माल आत पोचवतं. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या शेवटी ही शेपटी जोडली की जीएफपीही आत जातं. निरोगी पेशीत हिरवे ठिपके दिसतात. आयात बिघडलेल्या पेशीत ठिपके नाहीसे होतात आणि सगळी पेशी एकसारखी हिरवी होते. फरक इतका ढळढळीत आहे की पहिल्याच दिवशी नवखा विद्यार्थीही तो ओळखतो. स्वयंचलित स्क्रीनला अशीच खूण हवी. जो बदल अनुभवी डोळ्यालाही पाच मिनिटं बघून ठरवावा लागतो, तो संगणकावर सोपवू नये.

रंगाचा विचारही इथेच करा. पेरॉक्सिझोमसाठी एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन वापरण्याचा मोह होतो, पण एमचेरी आम्लता सहन करतं आणि रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीच्या मोडतोडीच्या कप्प्यातल्या, विकरांनाही सहजी दाद देत नाही. काही पेरॉक्सिझोम रिक्तिकेत जाऊन मोडले गेले, तरी लाल प्रकाश तिथे साठून राहतो आणि मोजणीत गोंधळ होतो. जीएफपी रिक्तिकेत मंद होतं आणि नंतर नष्ट होतं. म्हणून ठिपके हिरवे ठेवा आणि पेशीची हद्द आखण्यासाठी पेशीद्रव्यात पसरलेलं लाल प्रथिन घ्या. दोन्ही जनुकं आणि नर्सिओथ्रिसिन या प्रतिजैविकाला प्रतिकार देणारा नॅटएमएक्स मार्कर एकाच जागी, उदाहरणार्थ एचओ जनुकाच्या ठिकाणी बसवा. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे यीस्टच्या वाणांमध्ये, एचओ निकामीच असतं, त्यामुळे नुकसान काही नाही, आणि एकाच निवडीत दोन्ही खुणा सोबत येतात.

आठ स्ट्रेनची रंगीत तालीम

पूर्ण संचाला हात लावण्याआधी आठ स्ट्रेन हाताने तयार करा. मूळ निरोगी स्ट्रेन, पेक्स३ नसलेला, पेक्स५ नसलेला, पेक्स७ नसलेला, पेक्स११ नसलेला, व्हीपीएस१ नसलेला, आणि आयएनपी१ व आयएनपी२ नसलेले. प्रत्येकाचं उत्तर आपल्याला माहीत आहे. पेक्स३ आणि पेक्स५ मध्ये हिरवं पसरलेलं दिसायला हवं. पेक्स११ आणि व्हीपीएस१ मध्ये ठिपके थोडे पण मोठे. पेक्स७ हा माझ्या मते या आठांतला सगळ्यात मोलाचा. तो दुसऱ्या प्रकारची खूण असलेल्या प्रथिनांना आत नेतो, आपल्या तीन अक्षरी शेपटीशी त्याचा संबंध नाही. म्हणजे पेक्स७ नसलेली पेशी निरोगीच दिसली पाहिजे. ती बिघडलेली दिसली, तर तुमची खूण किंवा तुमचा स्ट्रेन यांपैकी काहीतरी चुकलं आहे.

हे आठही स्ट्रेन ३८४ खळग्यांच्या एका प्लेटवर विखरून लावा. कडेला, मध्ये, कोपऱ्यात, सगळीकडे. मग झेड-प्राइम काढा, म्हणजे निरोगी आणि बिघडलेले गट किती स्पष्ट वेगळे पडतात ते कळतं. ही कसोटी १९९९ पासून वापरात आहे. निरोगी आणि बिघडलेल्या गटांच्या प्रमाण विचलनांची बेरीज करा, तिला ३ ने गुणा, दोन्ही गटांच्या सरासरींमधल्या फरकाने भागा आणि आलेला आकडा १ मधून वजा करा. उत्तर ०.५ च्या वर असेल तर पुढे जा. शून्याच्या आसपास असेल तर खूण, मीडियम किंवा एक्स्पोजर बदलून तालीम पुन्हा करा. इथे गेलेले दोन आठवडे पुढचे चार महिने वाचवतात.

खूण पाच हजार स्ट्रेनमध्ये पोचवणं

प्रत्येकी एक जनुक काढून टाकलेल्या यीस्टचा संच आंतरराष्ट्रीय सहकार्यातून तयार झाला आणि २००२ पर्यंत पूर्णत्वाला गेला. जगायला अत्यावश्यक नसलेल्या जनुकांचे यात सुमारे ४,८०० एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेले) स्ट्रेन मिळतात, आणि प्रत्येकात काढलेल्या जनुकाच्या जागी जी४१८ या प्रतिजैविकाला प्रतिकार देणारा कॅनएमएक्स असतो. साधारण हजार जनुकं अत्यावश्यक आहेत. ती इथे नसतात. त्यांच्यासाठी तापमान-संवेदी स्ट्रेनचे वेगळे संच आहेत आणि स्क्रीनही वेगळा आखावा लागतो.

इतक्या स्ट्रेनमध्ये हाताने डीएनए घालणं शक्य नाही. टोरांटोमध्ये चार्ल्स बून यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये मांडलेली एसजीए (सिंथेटिक जेनेटिक ॲरे) पद्धत इथे कामाला येते. संकर घडवायचा आणि आपल्याला हवी तीच संतती जगेल अशा प्लेटांवरून ती नेत राहायची, ही तिची कल्पना. यीस्टची लिंगं दोन, ए आणि अल्फा. आपला खूणवाला स्ट्रेन अल्फा लिंगाचा, संच ए लिंगाचा. खूणवाल्या स्ट्रेनमध्ये तीन गोष्टी हव्यात. कॅन१ काढलेलं, लिप१ काढलेलं, आणि कॅन१ च्या जागी फक्त ए पेशीतच चालू होणाऱ्या प्रवर्तकाखाली (प्रवर्तक म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) हिस्टिडीन बनवणारं जनुक. हा स्ट्रेन नव्याने घडवायची गरज नाही, वाय७०९२ नावाने तो बऱ्याच यीस्ट प्रयोगशाळांत आहे. फक्त खूण त्यात बसवायची.

दोन्ही स्ट्रेन समृद्ध मीडियमवर एकमेकांवर ठेवून एक दिवस संकर होऊ द्या. मग जी४१८ लिटरला २०० मिलिग्रॅम आणि नर्सिओथ्रिसिन १०० मिलिग्रॅम असलेल्या प्लेटवर फक्त द्विगुणित, म्हणजे दोन्ही स्ट्रेनचे गुणसूत्रसंच एकत्र आलेल्या, पेशी निवडा. त्यानंतर पोटॅशियम ॲसिटेटच्या गरीब मीडियमवर २२ अंशांना ५ दिवस ठेवा, म्हणजे बीजाणू तयार होतील. हे पाच दिवस कमी करू नका. तापमान ३० केलं तर बीजाणूंचं प्रमाण घसरतं आणि पुढची प्रत्येक प्लेट विरळ येते.

आता हिस्टिडीन, आर्जिनीन आणि लायसिन नसलेलं मीडियम घ्या, त्यात कॅनाव्हानिन आणि थायालायसिन प्रत्येकी लिटरला ५० मिलिग्रॅम घाला. हिस्टिडीन नसल्याने फक्त ए एकगुणित पेशी टिकतात. कॅनाव्हानिन आणि थायालायसिन ही आर्जिनीन आणि लायसिनची विषारी नक्कल आहे. कॅन१ आणि लिप१ ही दारं उघडी असलेली पेशी ती आत घेते आणि मरते, म्हणून उरलेल्या द्विगुणित पेशी इथे गळतात. ही पायरी दोनदा करा, पहिल्यांदा दोन दिवस, दुसऱ्यांदा एक. शेवटी याच मीडियममध्ये आधी जी४१८ आणि मग दोन्ही औषधं. एकूण अडीच आठवडे धरा.

ज्या चुकीने अनेकांचे महिने गेले आहेत ती मीडियमच्या नायट्रोजनमध्ये असते. नेहमीच्या कृत्रिम मीडियममध्ये अमोनियम सल्फेट असतं, आणि त्याच्या उपस्थितीत जी४१८ नीट काम करत नाही. निवड होतच नाही, सगळंच वाढतं. औषधाच्या प्लेटमध्ये अमोनियम सल्फेट नसलेला नायट्रोजन बेस घ्या आणि लिटरला १ ग्रॅम मोनोसोडियम ग्लुटामेट घाला. हो, तोच अजिनोमोटो, फक्त शुद्ध प्रतीचा. औषधं आगर ६० अंशांच्या आसपास निवल्यावरच घाला.

पाच हजार कॉलन्या एका प्लेटवरून दुसरीवर नेण्यासाठी प्लास्टिकच्या खिळ्यांचे पॅड वापरणारा रोबो मिळाला तर उत्तम. नसेल तर ९६ खिळ्यांचा हाताने चालवायचा ठसा, अल्कोहोल आणि स्पिरिटचा दिवा यांवरही हे काम होतं. वेळ लागतो आणि मनगट दुखतं, पण निकाल खरा येतो. विद्यापीठातल्या छोट्या प्रयोगशाळेने पूर्ण संचाऐवजी आपल्या प्रश्नाशी संबंधित तीनचारशे स्ट्रेन निवडून असा स्क्रीन करावा, असं मी मनापासून सुचवीन. भारतात काम असेल तर जनुकांतरित स्ट्रेन मागवण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडची कागदपत्रं पूर्ण करून घ्या.

प्लेट फिरवल्या जाण्याचा धोका प्रत्येक पायरीवर असतो. १८० अंशांत फिरलेली एक प्लेट म्हणजे ३८४ चुकीची नावं. संचातलाच एक पहारेकरी इथे उपयोगी पडतो. एडीई२ नसलेला स्ट्रेन ॲडेनिन कमी असलेल्या मीडियमवर गुलाबी होतो. ती गुलाबी कॉलनी नकाशात जिथे असायला हवी तिथेच आहे का, हे दर टप्प्याला बघा. ज्या प्लेटवर ती नाही, तिथे एका कोपऱ्यातली जागा मुद्दाम रिकामी ठेवा.

पेशी तयार करणं आणि चिकटवणं

कॉलन्या ३८४ खळग्यांच्या द्रव मीडियममध्ये रात्रभर ३० अंशांना वाढवा. सकाळी ताज्या मीडियममध्ये सुमारे वीस पट पातळ करून चार तास द्या. रात्रभर वाढून थकलेल्या पेशींची छायाचित्रं घेऊ नका. ग्लुकोज संपलं की पेरॉक्सिझोमची संख्या आणि आकार दोन्ही बदलतात, आणि तुम्हाला दिसतो तो जनुकाचा परिणाम की उपासमारीचा, हे सांगता येत नाही.

काचेच्या तळाच्या प्लेटला कॉनकॅनाव्हालिन-ए लावा. हे प्रथिन यीस्टच्या भित्तिकेतल्या मॅनोज साखरेला धरून ठेवतं. मिलिलिटरला पाव ते एक मिलिग्रॅम, वीस मिनिटं, मग ओतून टाका. त्यावर ५० मायक्रोलिटर पेशी घाला, पुन्हा वीस मिनिटं थांबा, न चिकटलेल्या पेशी दोनदा धुवा. धुण्यासाठी आणि छायाचित्रासाठी रायबोफ्लेविन नसलेलं मीडियम वापरा. रायबोफ्लेविन स्वतःच हिरवं चमकतं. समृद्ध मीडियमची पार्श्वभूमी तर त्याहून वाईट.

पेशींची दाटी थोडी कमीच बरी. एकावर एक चढलेल्या पेशी कोणतंही सॉफ्टवेअर नीट वेगळ्या करू शकत नाही.

मायक्रोस्कोपवर

तेलाच्या भिंगाचं चित्र सुरेख येतं, पण ३८४ खळगे फिरताना तेल पसरतं, संपतं, मध्येच बुडबुडा येतो. ६० पट मोठं करणारं, ०.९ च्या आसपास छिद्रांक (प्रकाश गोळा करण्याची क्षमता) असलेलं कोरडं भिंग घ्या. पेशी ५ मायक्रोमीटरच्या आसपास असतात, त्या पुरेशा मोठ्या दिसतात. पेरॉक्सिझोम मात्र बऱ्याचदा प्रकाशाच्या विभेदनमर्यादेच्या जवळपास किंवा त्याहून लहान असतात. म्हणून ठिपक्याच्या रुंदीवरून अंगकाचा आकार सांगू नका. ठिपक्यातला एकूण प्रकाश मोजा, तो जास्त भरवशाचा.

फोकससाठी काचेच्या तळावरून अवरक्त किरण परावर्तित करणारी यंत्रणा हवी. चित्र बघून फोकस शोधणारं सॉफ्टवेअर सावकाश असतं आणि रिकाम्या खळग्यात भरकटतं. सुरू करण्याआधी चार कोपरे आणि मध्य असे पाच खळगे स्वतः तपासा. यंत्र चालवायला मायक्रो-मॅनेजर हे मोफत सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांशी आणि स्टेजशी जुळतं.

हिशेब आधीच करा. प्रत्येक खळग्यात तीन जागा, प्रत्येक जागी तीन चित्रं, म्हणजे साधा प्रकाश, हिरवं आणि लाल. एका प्लेटची ३,४५६ चित्रं झाली. २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचं १६ बिटचं चित्र साधारण ८.४ मेगाबाइटचं, म्हणजे प्लेटमागे २९ गीगाबाइट. १३ ते १४ प्लेटांचे मिळून ४०० गीगाबाइट, आणि सगळं दोनदा करायचं आहे. ठिपके मोजायचे असतील तर वरखाली तीन पातळ्यांवर चित्रं घ्यावी लागतात, मग हिरव्याची जागा तिप्पट. फक्त आयात तपासायची असेल तर एक पातळी पुरते.

वेळेचाही विचार करा. एका खळग्याला १२ सेकंद लागले तर प्लेटला ७७ मिनिटं लागतात. कृत्रिम मीडियममध्ये यीस्ट सुमारे दोन तासांत दुप्पट होतं. म्हणजे शेवटच्या खळग्यातल्या पेशी पहिल्या खळग्याच्या तुलनेत अर्ध्या पिढीहून अधिक पुढे गेलेल्या असतात. म्हणून निरोगी आणि पेक्स३ नसलेले स्ट्रेन सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लावा, आणि दुसऱ्या फेरीत खळगे उलट क्रमाने घ्या. दोन्ही फेऱ्यांत टिकलेला परिणामच धरा.

आकडे काढताना

चित्रांचा प्रकाश मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असतो. एका प्लेटच्या सगळ्या चित्रांचा मध्यक काढला की ही असमानता उघड होते, प्रत्येक चित्र तिने भागा. मग लाल रंगावरून पेशींच्या कडा आखा. सेलप्रोफाइलर किंवा सेलपोझ, दोन्ही मोफत, दोन्ही यीस्टवर चालतात. पन्नास चित्रांवर आखलेल्या कडा स्वतः बघा. इथली चूक पुढे कुठल्याच गणिताने सुधारत नाही.

प्रत्येक पेशीसाठी ठिपक्यांतला हिरवा प्रकाश आणि पेशीद्रव्यातला हिरवा प्रकाश यांचं गुणोत्तर काढा. नुसती चमक मोजू नका, कारण अनेक जनुकं काढल्यावर जीएफपीचं उत्पादनच कमीजास्त होतं. खळग्यात पन्नासपेक्षा कमी पेशी असतील तर तो खळगा बाद. आणि सरासरीवर थांबू नका. शंभरपैकी तीस पेशी पूर्ण बिघडलेल्या आणि सत्तर निरोगी, हे शंभरच्या शंभर थोड्याशा बिघडलेल्या असण्यापेक्षा फार वेगळं जीवशास्त्र आहे. बिघडलेल्या पेशींची टक्केवारी वेगळ्या रकान्यात ठेवा.

प्लेटमागे प्लेट बदलत जाते, म्हणून प्रत्येक प्लेटचा स्वतःचा मध्यक वजा करून मध्यक विचलनाच्या (मध्यकापासूनच्या अंतरांच्या मध्यकाच्या) १.४८२६ पटीने भागा. कडेच्या ओळी आणि स्तंभ वेगळे तपासा. तिथे मीडियम लवकर सुकतं, आणि कडेला गर्दी करणारे हिट, म्हणजे बिघडलेले म्हणून निवडले गेलेले स्ट्रेन, बहुधा बाष्पीभवनाचे असतात.

आता यादी तयार होईल. ती सादर करण्याआधी वरचे दोनशे आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले दोनशे, असे चारशे खळगे नावं झाकून, सरमिसळ करून, दोन माणसांनी स्वतंत्र बघावेत. वरच्या दोनशेतून यंत्राने चुकून पकडलेलं कळतं, बाकीच्या दोनशेतून यंत्राने सोडलेलं. हे काम कंटाळवाणं आहे, आणि मला ते सगळ्या स्क्रीनमधलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. योशिनोरी ओहसुमी यांनी उपाशी यीस्टच्या रिक्तिकेत साठणाऱ्या पुटिका साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवणं, बिघडलेला पहिला म्यूटंटही सूक्ष्मदर्शकाखालीच शोधला, आणि १९९३ मध्ये त्यांच्या गटाने अशा १५ जनुकांची नोंद केली. २०१६ चं नोबेल त्या कामाला मिळालं. हजारो चित्रं असली तरी नवी गोष्ट आधी कोणाला तरी दिसावी लागते.

बघताना खोटे हिट ओळखायला शिका. मेलेली पेशी सगळ्या रंगांत चमकते. एडीई१ आणि एडीई२ नसलेल्या पेशींच्या रिक्तिकेत लाल रंगद्रव्य साठतं आणि तेही चमकतं. पाचव्या गुणसूत्रावर कॅन१ जवळची, चौदाव्यावर लिप१ जवळची आणि चौथ्यावर एचओ जवळची जनुकं संकरात खुणेपासून सुटी होत नाहीत. साधारण २०० हजार बेस जोड्यांच्या आतल्या अशा सगळ्या स्ट्रेनवर खूण करून त्यांना बाजूला ठेवा.

यादी खरी आहे का

आधी ओळखीची नावं शोधा. पेक्स१, पेक्स२, पेक्स३, पेक्स५, पेक्स१०, पेक्स१२, पेक्स१३, पेक्स१४, पेक्स१९ यादीत वरच असायला हवीत. यातली दोनतीन गायब असतील तर कारण शोधल्याशिवाय नव्या नावांकडे वळू नका. पेक्स७ यादीत आलं असेल तर तेही तितकंच काळजीचं.

नव्या प्रत्येक हिटसाठी जनुक काढलेला स्ट्रेन स्वच्छ पार्श्वभूमीवर नव्याने तयार करा, तीन स्वतंत्र कॉलन्या, पीसीआरने खात्री केलेल्या. संचातल्या काही स्ट्रेनमध्ये जादा गुणसूत्रं असतात, काहींनी भरपाई करणारं दुसरं उत्परिवर्तन जमवलेलं असतं, काहींत शेजारच्या खळग्यातला पाहुणा असतो. मग मूळ जनुक प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावरून, परत द्या. बिघाड सुधारला पाहिजे. तो सुधारला नाही तर शेजारच्या जनुकाकडे बघा. यीस्टमध्ये जनुकं इतकी चिकटून बसलेली असतात की एक काढताना दुसऱ्याचा प्रवर्तक कापला जातो.

या टप्प्यातून टिकलेले स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना दोन ठिकाणी ठेवा, आणि मूळ चित्रं प्लेटच्या नकाशासकट जपा. प्रक्रिया केलेली चित्रं पुन्हा बनवता येतात, मूळ चित्रं येत नाहीत.

आता दुसरी खूण लावा. पॉट१ हे थायोलेज विकर पेक्स७ च्या वाटेने आत जातं. ते ओलिक आम्लावर भरपूर बनतं, म्हणून ही चाचणी त्याच मीडियममध्ये घ्या. तीन अक्षरी शेपटीवाला जीएफपी बाहेर आणि पॉट१ आत, तर नवं जनुक पेक्स५ च्या वाटेवर आहे. दोन्ही बाहेर असतील तर सामाईक दरवाजावर, किंवा पेरॉक्सिझोमच तयार होत नाहीत. हे दोन पर्याय पेक्स३ ला जीएफपी लावून वेगळे करता येतात, कारण पेक्स३ पेरॉक्सिझोमच्या पटलात असतं. त्याचे ठिपके दिसले तर पटल आहे, फक्त माल आत जात नाही.

वाटणी बिघडलेल्या, म्हणजे आयएनपी१ सारख्या दिसणाऱ्या म्यूटंटसाठी स्थिर चित्र पुरत नाही. तिथे कळी फुटल्यापासून वेगळी होईपर्यंत, दर पाच मिनिटांनी, तीन तास एकाच पेशीचा पाठलाग करा आणि शेवटी आईकडे किती ठिपके राहिले ते मोजा.